केबिनमधला गारवा ही चैन नाही

पुणे शहरात गार हवेवर ज्याची खरोखर श्रद्धा आहे असा एकच माणूस मी पाहिला, आणि त्या माणसाला गार हवा अजिबात सोसत नाही. एप्रिलच्या दुपारी, नारायण पेठेतली कुत्रीसुद्धा सावलीच्या मागे सरकत दिवस काढत असतात तेव्हा, हे गृहस्थ बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर घालतात, थर्मासमधल्या गरम पाण्याचा घोट घेतात, स्कूटरला किक मारतात आणि हडपसरच्या पुढे फुरसुंगीतल्या आपल्या शेडकडे निघतात. डिकीत पान्हे, साबणाच्या पाण्याची बाटली, दाढीचा एक जुना ब्रश आणि मातकट रंगाची कानटोपी. कानटोपी हौसेची नाही, हत्यारांपैकी एक आहे. जुन्या शेतीयंत्रांच्या केबिनमधले एसी दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि दुरुस्त झालेल्या एसीपुढे बसून खात्री करायची तर त्यांना कानटोपी लागते.

ते माझ्या मामेभावाचे सासरे. या नात्याला मराठीत वेगळा शब्द नाही, त्यामुळे त्यात मानपानही नाही, आणि म्हणूनच बहुधा आमचं जमलं. मी त्यांना काका म्हणते. पहिली भेट लग्नातलीच. कार्यालय वातानुकूलित होतं, म्हणजे मुलाकडच्यांनी तशी अट घातली होती, आणि मुलीचे वडील फेट्याखाली मफलर गुंडाळून उभे होते. मंगलाष्टकं चालू असताना वरच्या एसीतून वरपक्षाच्या रांगेवर पाणी ठिबकायला लागलं. पाहुणे वर बघायला लागले, व्यवस्थापक बादली घेऊन आला. अंतरपाट दोन्हीकडून धरलेला असताना काका शांतपणे बाजूला झाले, खुर्चीवर चढले, भिंतीतल्या पाइपात अगरबत्तीची काडी घातली आणि आतला बोळा काढून व्यवस्थापकाच्या हातावर ठेवला. "निचरा तुंबलाय. बादली कार्यालयाच्या मालकाला आहेर म्हणून द्या." मग खाली उतरून त्यांनी अक्षता टाकल्या. माझ्या मामीने हा अपमान कितीतरी दिवस मनात ठेवला. मी मात्र त्याच पंगतीत त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

शेतीयंत्रात एसी असतो हेच पुष्कळांना माहीत नसतं. गहू, हरभरा, सोयाबीन काढणारा हार्वेस्टर रस्त्यावरून जाताना लोक पाहतात, "केवढं धूड आहे" म्हणतात आणि पुढे जातात. त्या धुडाच्या डोक्यावर चहूबाजूंनी काचेची एक खोली असते आणि तिच्यात एक माणूस बसलेला असतो. मागे इंजिन, वर सूर्य, चोहीकडे भुशाचा ढग. काच उघडावी तर भुसा नाकातोंडात आणि न उघडावी तर माणूस शिजतो. काचेच्या पेटीत उन्हात काय होतं हे कळायला शास्त्र लागत नाही, आयुष्यात कधी पापड वाळवले असले तरी पुरतं. यंत्र नवं असतं तेव्हा त्या खोलीत गारवाही असतो. मग यंत्र जुनं होतं, एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातं, आणि प्रत्येक मालक आधी इंजिन बघतो, मग टायर बघतो, आणि एसीवर आला की म्हणतो, "ऱ्हाऊ द्या, ड्रायव्हरला कशाला पायजे?" हे वाक्य काकांनी ऐकलं की त्यांच्या कपाळावरची शीर उठते. माझीही उठते. हिंजवडीत माणसं कंपनीच्या गारठ्यात जॅकेट घालून बसतात, त्यांना कुणी विचारत नाही की तुम्हाला हे कशाला पाहिजे. आणि ज्याच्या हातून त्या सगळ्यांच्या पोळीचा गहू येतो त्याने गारवा मागितला की ती चैन होते. हा हिशोब कुणी केला आणि तो आपण निमूटपणे का मानतो, हे मला काकांना भेटण्याआधीही विचारायचं होतं. फक्त तोवर माझ्या हातात उदाहरण नव्हतं.

काकांच्या हातात ते तरुणपणापासून होतं. मार्केट यार्डाजवळच्या एका शीतगृहात ते यंत्रं सांभाळायला होते. आत बटाटे, सफरचंदं, चिंचेची पोती. बाहेर उन्हात हमालांच्या पाठी. काकांनी ऐन उमेदीची वर्षं त्या गारठ्यात घालवली, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तो गारठा हाडात शिरला तो पुन्हा बाहेर आलाच नाही. "बटाटा नासतो," ते म्हणतात, "म्हणून त्याला गारवा. माणूस नासत नाही असं यांचं मत आहे." हे ते रागावून म्हणत नाहीत. चहात साखर कमी आहे हे सांगावं त्या सुरात म्हणतात, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याला ते फार वेळ पुरतं. शीतगृह सोडल्यावर त्यांनी घरगुती एसीच्या कामाला हात लावला नाही. चारचाकीच्याही नाही. एकदा पेठेतल्या एका शेजाऱ्याने नवी कोरी गाडी दारात आणून उभी केली आणि म्हणाला, "काका, जरा बघता का, गार होत नाही." काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून आत पाहिलं आणि म्हणाले, "ही काच खाली होते?"

"होते की."

"मग करा."

तो शेजारी अजून त्यांच्याशी बोलत नाही. काकांचं म्हणणं साधं आहे. ज्याला काच खाली करता येते त्याने ती करावी. ज्याला येत नाही त्याच्यासाठी आपण आहोत. मी पत्रकांच्या घरात वाढलेली मुलगी आहे, आमच्याकडे दिवाळीअंक कमी आणि मोर्च्याची पत्रकं जास्त असत, पण इतका सुटसुटीत जाहीरनामा मी कुठल्याही पत्रकात वाचलेला नाही.

त्यांचं खरं वैर मात्र मालकांशी नाही, गॅसशी आहे. कुठलाही एसी गार होईनासा झाला की गावोगावचा मिस्त्री एकच वाक्य म्हणतो: गॅस संपलाय, भरून देतो. यावर काकांचं रक्त उकळतं, आणि त्यांच्या बाबतीत ती मोठी गोष्ट आहे, कारण त्यांचं रक्त एरवी कोमटसुद्धा नसतं. "गॅस म्हणजे काय डिझेल आहे का संपायला? बंद नळ्यांतून तो फिरतो तेवढाच. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळाला. कुठून गळाला ते दाखवा, मग भरा." आणि ते शोधायला बसतात. दाढीच्या ब्रशाने साबणाचा फेस प्रत्येक सांध्याला लावत जातात, एखाद्या म्हाताऱ्याची दाढी करावी इतक्या हळुवार हाताने. फेसात बुडबुडा आला की चेहरा खुलतो. नाही आला तरी खुलतो, कारण मग गॅस पुरेसा आहे आणि आजवरचे सगळे मिस्त्री खोटे ठरले. बहुतेक वेळा दोष अगदी बाळबोध असतो. समोरच्या जाळीत भुशाची गादी झालेली असते, नाहीतर केबिनमधली हवेची गाळणी कुणी जन्मात उघडलेली नसते. एका ट्रॅक्टरच्या गाळणीतून चिमणीचं घरटं निघालं. काकांनी ते उचलून शेडच्या वाशावर ठेवलं आणि मालकाला म्हणाले, "यांना नोटीस न देता बाहेर काढलंय, पर्यायी जागा देतोय."

घरी मात्र हा सगळा न्याय थांबतो. नारायण पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत एकच पंखा आहे आणि त्याचा खटका काकांच्या ताब्यात असतो. आकडा एकच्या पुढे गेला की ते खोकतात. काकू गॅलरीत पाट टाकून भाजी निवडतात आणि आल्यागेल्याला सांगतात, "सगळ्या जिल्ह्याला गारवा पुरवतात हो. मला पंख्याचा दोन नंबर मिळत नाही." काका पेपर बाजूला न करता म्हणतात, "तुला गॅलरी आहे. हार्वेस्टरला गॅलरी नसते." संसार असाच गेला. भांडण म्हणावं तर आवाज कधी चढला नाही, आणि पंखाही नाही.

या काकांनी एकदा मला पत्रक लिहायला सांगितलं. हंगामाच्या तोंडावर हार्वेस्टरवाले, ट्रॅक्टरवाले सुट्या भागांसाठी पुण्यात येतात, त्यांच्या ऑपरेटरांच्या हातात द्यायला काहीतरी हवं होतं. मी आनंदाने दोन्ही बाजू भरून लिहिलं. शोषण आलं, घाम आला, काचेच्या पिंजऱ्यातला श्रमिक आला, शेवटी उठा वगैरे आलं. काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "उठून जाणार कुठे?" ते म्हणाले. "केबिनमध्ये उभं राहता येत नाही. छप्पर लागतं." मग त्यांनी पेन्सिलीने एकेक ओळ काढत काढत मधलं एक वाक्य तेवढं ठेवलं: केबिनमधला गारवा ही चैन नाही. त्याखाली स्वतःच्या अक्षरात एक भर घातली: दर आठवड्याला गाळणी झटका. मी म्हटलं, या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध काय? ते म्हणाले, "पहिलं मालकाला ऐकवायचं. दुसरं आपण करायचं. नुसतं ऐकवून हवा येत नाही." ते पत्रक छापलं गेलं, स्वारगेटला मी स्वतः वाटलं, आणि माझ्या लेखनापैकी ट्रॅक्टरच्या काचेला चिकटवलं गेलेलं तेवढंच.

काकांचा एक नियम सगळ्यांना जाचायचा. दुरुस्ती झाली की मालकाने भर दुपारी, दारं लावून, ऑपरेटरच्या शेजारी केबिनमध्ये बसायचं. मालक नाही बसला तर मशीन शेडमधून हलणार नाही. काका स्वतः कानटोपी घालून मागे उकिडवे बसत. मालक म्हणत, ऑपरेटर बसलाय ना, तो सांगेल की गार आहे का. काका म्हणत, "तो तुमचा नोकर आहे. तुम्ही विचाराल तर तो गारच सांगेल." या नियमावर मी फिदा होते. ज्याने माणसाला आत कोंडलं त्याला घटकाभर आत कोंडायचं, यापेक्षा सरळ न्याय कुठला. माझ्या मते ही शिक्षा होती, आणि मी तसं चारचौघांत सांगतही असे.

तो नियम खरा कशासाठी होता हे मला गजाननच्या हार्वेस्टरने दाखवलं.

गजानन मूळचा वाशीमकडचा. गव्हाच्या हंगामात फुरसुंगीच्या एका बागायतदाराचा हार्वेस्टर चालवतो. दौंड, शिरूर, जिथे काम निघेल तिथे. गाव महापालिकेत गेल्यावर त्या बागायतदाराने निम्म्या जमिनीवर इमारती उभ्या केल्या, उरलेल्या शेतीसोबत हा हार्वेस्टर ठेवला. मशीन फार जुनं. कुठल्याशा बर्फाळ देशातून नमुना म्हणून आलेलं आणि हातोहात फिरत इथवर पोचलेलं. दर हंगामाला एसीत गॅस भरला जायचा आणि दर हंगामाला केबिन तापायची. आदल्या वर्षी गहू काढता काढता गजाननला भोवळ आली आणि हार्वेस्टर बांधावर चढला. बांध फुटला, गजानन वाचला. बागायतदाराने बांधाच्या मालकाची माफी मागितली आणि निर्णय घेतला की एसी काढून भंगारात घालायचा, केबिनची दोन्ही दारं उतरवायची आणि एक पंखा बसवायचा. त्याआधी शेवटचं बघून घ्या, म्हणून मशीन काकांच्या शेडमध्ये आलं. परवा शिरूरला गहू काढायला जायचं होतं.

गजानन शेडच्या कडेला बसून होता. त्याला खोकला होता आणि तो खोकताना तोंड फिरवायचा. "दारं काढली त सारा भुसा छातीत जाते, काका," तो म्हणाला. "मांगं एका हंगामात बिनदाराचं चालवलं होतं मी. दिवाळीपावतर खोकलो. आता बायको म्हणते, तसं असंन त घरीच राहा. पन घरी राहून काय करू?"

"घरी राहायचं नाही आणि खोकायचंही नाही," काका म्हणाले. "बस. बघू."

काकांनी सगळं केलं. जाळी आतून बाहेर धुतली, गाळणी बदलली, पट्टा ताणला, प्रत्येक सांध्याला फेस लावला. बुडबुडा नाही. कॉम्प्रेसर फिरतोय, नळीला हात लावला तर नळी बर्फासारखी. आणि केबिनमध्ये हवा येते ती गजाननच्या हाताला कोमट. काका कानटोपी घालून आत जाऊन बसले, बराच वेळ बसले, आणि गोंधळून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मी त्या दिवशी त्यांच्यासोबत होते, आणि काकांना पहिल्यांदाच कुठल्यातरी यंत्रापुढे अडलेलं पाहत होते. दुपारी बागायतदार आला. पांढरेशुभ्र कपडे, पायात कोल्हापुरी. सोबत टेम्पो होता, पंखा घेऊन आलेला.

"काय, झालं का न्हाय काका?"

"नाही."

"मग सोडा की. लई केलंत तुमी. आन खरं सांगू का, हा विदर्भातला गडी हाय. याला उन्हाची सवय हाय."

गजानन तोंड फिरवून खोकला. मी तोंड उघडणार होते, माझ्याकडे दोन्ही बाजू भरून मजकूर तयार होता. पण काकांनी पान्हा खाली ठेवला आणि फार अदबीने म्हणाले, "बरोबर आहे मालक. त्याला उन्हाची सवय आहे आणि आपल्याला सावलीची. आज जरा बदल म्हणून आपण आत बसा."

"अवो पन दुरुस्त कुठं झालंय? दुरुस्त झाल्यावर बसायचं असतं ना?"

"आज नापास झालेल्याची परीक्षा घेऊ. आपण बसल्याशिवाय मी एसीचा एक नट काढू देणार नाही. टेम्पो उभा राहू दे. त्याला ऊन चालतं."

बागायतदार हसला, मग काकांच्या चेहऱ्याकडे पाहून हसायचा थांबला. शेडमध्ये आणखी दोघे ट्रॅक्टरवाले आपापली मशीनं घेऊन आले होते, ते बघत होते. त्यांच्यासमोर माघार घेणं त्याला जड गेलं असावं. तो शिडी चढला. मशीन शेडबाहेर उन्हात काढलं, दारं लावली, एसी चालू. गजानन आपल्या जागेवर, काका कानटोपीत मागे, मी बाहेर शिडीच्या वरच्या पायरीवर, काचेला नाक लावून. ऑपरेटरच्या शेजारी पत्र्याची एक बैठक होती आणि तिच्यावर गजाननने पोत्याची घडी टाकलेली होती. बागायतदाराने ती पाहिली, आपल्या पांढऱ्या विजारीकडे पाहिलं, पोतं दोन बोटांनी उचलून मागे टाकलं, पत्र्यावर रुमाल अंथरला आणि बसला.

थोड्याच वेळात त्याचा सदरा पाठीला चिकटला. मग तो एका कुशीवर सरकला. मग दुसऱ्या. मग उठायला लागला तर डोकं छपराला लागलं.

"आरं, हे खालनं काय पेटलंय? चटका बसतोय की बुडाला."

"इंजिनचा ताव हाय जी," गजानन म्हणाला. "म्हनून त मी पोतं टाकतो ना."

मागे काका ताडकन उभे राहिले. त्यांचंही डोकं छपराला लागलं, पण कानटोपी होती. "उठा," ते बागायतदाराला म्हणाले. "मालक, उठा, आपण फार मोठं काम केलंत." त्यांनी पत्रा उचकटला. खाली दोन जाड रबरी नळ्या होत्या, इंजिनच्या बाजूने येणाऱ्या, उकळत्या पाण्याने फुगलेल्या. त्या हवा फेकणाऱ्या ब्लोअरच्या पोटात शिरत होत्या, एसीच्या गार नळ्यांना अगदी खेटून. काकांनी एका नळीवर हात ठेवला, झटकन काढला, आणि मग ते हसायला लागले. मी त्यांना त्याआधी कधी मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं.

तो हीटर होता. बर्फाळ देशातल्या शेतकऱ्याला ऊब मिळावी म्हणून दिलेला. त्याची झडप कधीकाळी उघडी राहून गंजली होती आणि तेव्हापासून फुरसुंगीच्या, दौंडच्या, शिरूरच्या उन्हात, प्रत्येक गव्हाच्या हंगामात तो इमानेइतबारे चालू होता. एसी हवा गार करत होता आणि हीटर तीच हवा लगेच तापवत होता. आणि मिस्त्री वरून गॅस भरत होते. पुणे जिल्ह्यात हीटर चालू आहे का हे कुणी तपासावं, असं कुणाला सुचणार?

"पण हा ताव तुम्हाला कसा नाही कळला?" मी विचारलं. "तुम्ही तर दोन दिवस आत बसत होतात."

काकांनी कानटोपी काढून हातात घेतली. "मला बरं वाटत होतं," ते म्हणाले.

मग म्हणाले, "म्हणूनच तर दुसऱ्याला बसवतो. माझं अंग साक्षीला चालत नाही. मला सगळीकडे गारच लागतं. ऑपरेटर घाबरून गार सांगतो. राहिला मालक. त्याला तेवढं खरं बोलायची मुभा असते."

इतके दिवस मी ज्याला शिक्षा समजत होते ती त्यांच्यासाठी तपासणीची एक पद्धत होती. तरीही माझं मत मी बदललेलं नाही. उन्हात बसल्याशिवाय ज्याला ऊन कळत नाही त्याला उन्हात बसवलंच पाहिजे, मग त्याला तपासणी म्हणा नाहीतर आणखी काही. गजाननचं पोतं त्या पत्र्यावर होतं तोवर तो ताव इंजिनचा होता, नशिबाचा होता, विदर्भाचा होता. पांढरी विजार त्यावर बसली आणि तो दोष ठरला.

काकांनी दोन्ही नळ्या इंजिनपाशी सोडवून एकमेकींना जोडून टाकल्या, गरम पाणी परस्पर परत फिरेल अशा. पुन्हा दारं लावली. या वेळी बागायतदार न सांगता आत जाऊन बसला. मग गजाननने हवेच्या झरोक्यापुढे दोन्ही तळवे धरले, थंडीत शेकोटीपुढे धरतात तसे, आणि डोळे मिटले. बागायतदार काचेतून बाहेर टेम्पोकडे बघत होता. "पंखा परत घिऊन जा," त्याने दार किलकिलं करून सांगितलं. "आन दार लावू द्या, गार हवा चाललीय."

"बघा," काका मागून म्हणाले. कानटोपीच्या आत त्यांचे दात वाजत होते. "लगेच सवय लागली."

गजानन दुसऱ्या दिवशी शिरूरला गेला, केबिनची दारं लावून.

हे सगळं गेल्या हंगामापर्यंतचं; यंदा काकांचे गुडघे गेले. केबिनची शिडी त्यांना आता चढवत नाही, मुलीने आणि काकूंनी मिळून स्कूटरची किल्ली लपवली आहे आणि फुरसुंगीच्या शेडला कुलूप आहे. काका नारायण पेठेत खिडकीशी बसतात, गुडघ्यांवर शाल. वाटलं होतं की ते चिडचिड करतील. ते चिडत नाहीत. खालून ट्रॅक्टर किंवा ट्रक गेला की तेवढी मान वळवतात.

परवा मी गेले होते तेव्हा गजाननचा फोन आला. तो शिरूरकडे एका रानात होता, नवा हंगाम, मशीन तेच. "काका, या वर्षी पयल्यांदाच चालू केला. हवा येते, पन बरोबर येते का नाही ते समजून नाही राह्यलं."

"गाळणी झटकलीस?"

"झटकली ना."

"दार लाव. फोन झरोक्यापुढे धर." आणि मग काका उठले, भिंतीला धरत कपाटापर्यंत गेले, कानटोपी काढून डोक्यात घातली आणि पुन्हा खिडकीशी येऊन बसले. काकूंनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. एप्रिलची दुपार, खिडकीतून येणारी गरम झळ, आणि तिकडे चाळीस-पन्नास मैलांवर एका काचेच्या खोलीत कुणीतरी झरोक्यापुढे फोन धरून बसलेलं. कानटोपीमुळे काकांचे दोन्ही कान झाकलेले होते. त्यांनी फोन कानाला लावलाच नाही. गालाला लावला, आणि डोळे मिटले.

फोनमधून नुसता घूं असा आवाज येत होता. काकांनी गाल फोनवर आणखी दाबला. मग त्यांनी खांदे किंचित आवळले आणि शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली.

काकू हळूच उठल्या आणि पंख्याचा खटका दोनवर फिरवला. काका खोकले नाहीत.